ज्याचं तेल त्यानं आणावं

लाईट कधी येईल याचा काही नेम उरला नव्हता. म्हणून गिरणीवालीनं स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण कायम चालूच ठेवलं होतं. दिवा पेटला की हातातलं काम टाकायचं आणि पळायचं. त्या दिवशी तो पेटला तेव्हा ती न्हात होती. न्हाणीच्या दाराच्या फटीतून उजेड दिसला, तशी तिनं साबण लावलेल्या डोक्यावर दोन तांबे भसाभसा ओतले, ओल्या केसांची गाठ मारली आणि परसातून सरळ गिरणी गाठली.

ओट्यावर डबे सकाळपासून रांगेत उभे होते. बायका भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या, दोघे-तिघे पुरुष सायकलींना टेकून होते. "आली, आली" करत सगळे उठले. तिनं मोटर सुरू केली, पट्टा ताणून चाकावर चढवला, पहिल्या डब्यातला गहू वरच्या पत्र्याच्या तोंडात ओतला. दगड घरघरायला लागले. पिठाची गरम धार पिशवीत पडू लागली. दोन डबे झाले, तिसरा निम्मा झाला आणि घरघर खाली खाली येत थांबली.

"गेली," रांग म्हणाली.

"तीन तास देणार होते ना?" तिसरा डबा समोरच्या शिंपिणीचा होता. तिनं पिशवीत हात घालून पीठ चाचपलं. "हा निम्मा दळलेला, निम्मा तसाच. काय करू आता याचं?"

"देणार म्हणाले होते. दिले असं कुठं म्हणाले?"

"कोळसा संपलाय म्हणे देशातला."

"संपला नाही, विकला. बाहेर विकून खाल्ला."

"मागचे होते ते बरे होते."

"मागच्यांनीच तर विकला!"

एवढं बोलून झाल्यावर सगळ्यांनी गिरणीवालीकडे पाहिलं. जसा काही तो कोळसा तिनंच ओट्याखाली दडवला होता.

"वहिनी, इंजिन लावा की," शिंपीण म्हणाली.

इंजिन कोपऱ्यात होतं. सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेलं, एका दांडग्या चाकाचं, डिझेलवर चालणारं. चाळीस वर्षं त्याच्याशेजारी उभं राहून मामंजींचे कान गेले होते आणि आता हातही कापायला लागले होते, म्हणून हँडल मारणं तिच्याकडे आलं होतं. डाव्या हातानं वरची खिट्टी धरायची, उजव्या हातानं हँडल फिरवायचं, चाकानं वेग घेतला की खिट्टी सोडायची आणि त्याच क्षणी हँडल काढून घ्यायचं. चुकलं तर हँडल उलटं येई. तिच्या मनगटावर एकदा आलं होतं, हाड वाचलं, पण पाऊस-वाऱ्याला ते मनगट अजून बोलत असे. खांद्याचं तर विचारायलाच नको. सकाळी विंचरताना हात डोक्यापर्यंत जात नसे.

पदर खोचून ती उभी राहिली. एक, दोन, तीन. इंजिननं फुसकारा टाकला आणि गप्प बसलं. पुन्हा. चौथ्या खेपेला धडधड सुरू झाली, पत्र्यावरची पिठाची पुटं हलली, आणि दारात मामंजी येऊन उभे राहिले. त्यांना आवाज ऐकू येत नसे. पायाखालची जमीन हलली की कळे.

"तेल आहे का?" ते ओरडले.

तिनं बोटं जुळवून 'थोडं' असं दाखवलं.

तेल थोडंच असायचं. पंप अडीच कोसावर होता. तिथं आठवड्यातून दोनदा टँकर येई आणि आला की तासाभरात संपे. डबा घेऊन पहाटेपासून बसावं लागे. भाव तर प्रत्येक खेपेला नवा. म्हणून तिनं उघड उघड सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "लाईटीवर दळलं तर जुना दर. इंजिनवर दळलं तर दीडपट. पटत असेल तर थांबा." बायका कुरकुरल्या होत्या, थांबल्या होत्या. करणार काय? कच्चे गहू चावून कुणाचं पोट भरतं?

या सगळ्यात तिचा नवरा कुठं होता? तो न्हाव्याच्या दुकानासमोरच्या बाकावर होता. गाव त्याला संपादक म्हणत असे. गावात एकच पेपर येई, तो आधी त्याच्या हाती जाई, आणि मग तो चष्मा कपाळावर चढवून गावाला वाचून दाखवी. नुसता वाचत नसे, उलगडून सांगे. परकीय चलन म्हणजे काय, ते का आटलं, नोटा जास्त छापल्या तर काय होतं. त्याचा आवाज चांगला होता आणि तोंडावर खोटं बोलत नसे, म्हणून लोकांना तो आवडे. गिरणीवालीलाही एके काळी तो आवाज फार आवडला होता. लग्नाला वीस वर्षं झाली. आता तो आवाज लांबून आला तरी तिचं मनगट ठणकायला लागे.

"अहो, पट्टा घसरतोय, जरा या," असा निरोप तिनं धाडला की उत्तर येई, "हे पान संपवून आलो." त्या पेपरची पानं काही संपत नसत.

एका दुपारी ती दगडाला टाकी लावत बसली होती. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड यायला लागतं; मग दगड उतरवून छिन्नी-हातोडीनं त्याच्या खाचा पुन्हा खोल कराव्या लागतात. मामंजी शेजारी बसून बोटांनी खाचा चाचपत होते आणि जिथं कमी पडलं तिथं तिचा हात धरून छिन्नी टेकवून देत होते. डोळ्यांत खडीचा चुरा जात होता. तेवढ्यात संपादक निवृत्त मास्तरांना घेऊन आला. दोघांच्या हातात कागद होते.

"सही कर," तो म्हणाला.

"कसली?"

"अर्ज आहे. सरकारनं भाव बांधून द्यावेत म्हणून. दोनशे सह्या झाल्या पाहिजेत. गिरणीवर सगळं गाव येतं, म्हणून इथंच ठेवतोय अर्ज."

"लोकमताचा रेटा पाहिजे," मास्तर म्हणाले. "एकेकट्यानं ओरडून सरकार हलत नाही."

गिरणीवालीनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "डिझेलचे भाव बांधणार का?"

"सगळ्याचेच," संपादक म्हणाला.

तिनं पांढऱ्या बोटांत पेन धरून सही केली. वाचायला वेळ कुणाला होता? मामंजींनी विचारलं, "काय आहे?" संपादकानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "महागाई! महागाई!" म्हाताऱ्यानं दोनदा ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा दगड चाचपायला लागला.

त्याच आठवड्यात संपादकाचं महागाईवरचं पत्र पेपरात छापून आलं. खाली त्याचं नाव, गावाचं नाव. न्हाव्यानं ते कापून आरशाला चिकटवलं. त्या दिवशी बाकावर चहा लोकांनी पाजला. घरी आल्यावर त्यानं ते तिलाही वाचून दाखवलं असतं, पण लाईट आली आणि ती पळाली.

महिना गेला. आणि काय नवल, सरकार हललं! कोळशाचं त्याला काही जमलं नव्हतं, डिझेलचं तर त्याहून नाही. पण लोकांची मागणी होती, ती मोडवेना. एके सकाळी जीपमधून दोन माणसं उतरली, त्यांनी खळीचा डबा उघडला आणि गिरणीच्या दारावर, न्हाव्याच्या दारावर, शिंपिणीच्या दारावर एकेक छापील कागद डकवला. दरपत्रक. दाढी, कटिंग, शिलाई, सायकलचं पंक्चर, दळण. प्रत्येकापुढे आकडा होता आणि आकडा दोन वर्षांपूर्वीचा होता. खाली तांबड्या अक्षरांत दंड.

गाव खूश झालं. न्हाव्याकडे गेलेले दळणाबद्दल खूश झाले, दळायला आलेले शिलाईबद्दल. शिंपीण गिरणीवरचा कागद बोटानं वाचत म्हणाली, "बरं झालं बाई, कुणीतरी कान उपटायलाच हवे होते." आणि मग घरी जाऊन स्वतःच्या दारावरचा वाचून तिनं कपाळाला हात लावला.

गिरणीवाली तो कागद वाचत कितीतरी वेळ उभी राहिली. डिझेल शोधत होती. डिझेल कुठंच नव्हतं.

संपादक घरी आला तेव्हा तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि समोर बसली.

"सगळ्याचेच बांधणार होते ना?"

"पहिला टप्पा आहे हा," तो म्हणाला.

"आपला?"

"कुठून तरी सुरुवात होणारच. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, ते मी लिहिणार आहे."

"तत्त्वाला हँडल मारता येतं का?"

तो जेवायचा थांबला. "तू ना, प्रत्येक गोष्ट गिरणीशी आणून जोडतेस. देशाचा विचार—"

"तुमच्या देशाला जेवायला गिरणीच वाढते," ती म्हणाली आणि उठली.

तिनं मनाशी ठरवलं, या दरात इंजिन लावायचं नाही. तीन दिवस लावलं नाही. तिन्ही दिवस मिळून लाईट आली पाऊण तास. ओट्यावर डब्यांची दुसरी रांग लागली, मग तिसरी. चौथ्या दिवशी शिंपीण आली. तिच्या घरी पीठ संपलं होतं, घरात दोन म्हातारी माणसं होती. "वहिनी, कागद राहू दे तिकडं. तुमचा जो काय दर आहे तो द्यायला आम्ही तयार आहोत. सगळ्यांनी मिळून ठरवलंय." मागे पाच-सहा जणी उभ्या होत्या. त्यांनी माना डोलावल्या.

"उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? आणि विचारलं तर सांगू की, आम्हीच म्हणालो म्हणून!"

गिरणीवालीनं इंजिन लावलं. काय करणार, तोंडावर नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर चुलीवरचं पातेलं तिच्याही घरी रिकामंच होतं.

निरीक्षक नवव्या दिवशी आला. ठेंगणा, घामानं डबडबलेला माणूस, काखेत चामड्याची पिशवी. इंजिन धडधडत होतं, म्हणून त्यानं आधी हातानं खूण करून ते बंद करायला लावलं. मग एकदम इतकं शांत झालं की दगड थंड होताना करकरतात तेही ऐकू आलं.

"दर काय घेता?" त्यानं गिरणीवालीला विचारलं.

"लाईटीवर तुमचा. इंजिनवर दीडपट. तेल कुठल्या भावानं येतं ते—"

"मी दर विचारला, भाव नाही विचारला." तो रांगेकडे वळला. "तुम्ही सांगा. तुमच्याकडून ही किती घेते?"

रांगेत अकरा जण होते. गिरणीवालीनं एकेकाकडे पाहिलं. कुणी डब्याचं झाकण पुन्हा बसवत होतं, कुणी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतं. शिंपिणीनं खाली पाहिलं. तीही शिलाईचे जास्तच घेत होती. निरीक्षकानं मान वळवली असती तर तिचं दार समोरच होतं.

"आम्ही आपले देतो काय सांगितलं ते," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघा," निरीक्षक म्हणाला. त्यानं पिशवीतून एक कात्रण काढलं. "आमच्याकडे वर्तमानपत्रातल्या तक्रारींची दखल घेतात. हे पत्र याच गावचं. 'आमच्या गावात साधं दळणसुद्धा दीडपट महाग झालं असून गोरगरिबांनी पीठ खावं की खाऊ नये?' हे लिहिणारे गृहस्थ इथंच राहतात का? त्यांची साक्ष लागेल."

 सगळ्यांच्या माना एकदम रस्त्याकडे वळल्या. गिरणीवर जीप आली हे ऐकून संपादक बाकावरून लगबगीनं येत होता. साहेबाशी दोन शब्द बोलावेत म्हणून चष्मासुद्धा पुसून घेतला होता त्यानं.

"हे पत्र तुमचं?"

"माझंच," तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू आलं, आणि मग त्याची नजर बायकोवर गेली, थंड इंजिनवर गेली, आणि ते हसू तसंच अडकून राहिलं. "म्हणजे... साहेब, ते उदाहरण म्हणून होतं."

"उदाहरणच तपासायला आलोय मी."

"तसं नव्हे. मी सर्वसाधारण परिस्थितीवर लिहिलं होतं. दळण हे कसं... एक प्रतीक—"

"गिरणी कुणाची?"

संपादकानं ओठ ओले केले. ज्या माणसाला परकीय चलनावर तासभर बोलता येई, त्याला दोन शब्द जुळेनात. "आमचीच," तो शेवटी म्हणाला.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. निरीक्षकालाही क्षणभर हसू आलं असावं, त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग त्यानं इंजिनच्या चाकातून तार ओवली, तारेला शिशाचं सील ठोकलं आणि पावती फाडली. मामंजी जमीन हलायची थांबली म्हणून आतून आले होते. त्यांनी तार पाहिली, हात लावायला गेले. निरीक्षक "ए बाबा!" म्हणून ओरडला. म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. गिरणीवालीनं त्यांचा हात धरून मागे घेतला. 

त्या दिवशी ती नवऱ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलायला काही नव्हतं असं नाही. इतकं होतं की कुठून उपसायला घ्यावं ते कळत नव्हतं. तो मात्र घरात तिच्यामागे मागे फिरत राहिला. "मी तुझं नाव लिहिलं नव्हतं गं." मग, "दुसरं पत्र लिहितो, सगळं स्पष्ट करतो." त्यावर तिनं दुधाचं पातेलं असं काही आपटलं की दुसऱ्या पत्राचा विषय तिथंच संपला.

आलेल्या लाईटीवर दिवसाला दोन डबेही पुरे होत नव्हते, म्हणून गाव आता शेजारच्या गावी दळायला जाऊ लागलं. डोक्यावर डबे घेऊन बायका उन्हाच्या निघत, तिथल्या रांगेत बसून दिवस मावळता परतत. जाताना त्या गिरणीवरूनच जात. पहिले दोन दिवस त्यांनी सरकारला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी, "जास्त घेतलं नसतं तर ही वेळ आली नसती" असं सुरू झालं. पाचव्या दिवशी तर, "ते नवराबायको आतून एकच, तुम्हाला काय माहीत" इथवर मजल गेली. गिरणीवाली ओट्यावर बसून हे ऐके आणि तिचं डोकं फिरून जाई. म्हणजे दळून देत होती तेव्हा लुटत होती, आणि बंद आहे तेव्हा अडवून धरतेय?

दहाव्या दिवशी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, दारावरचा दरपत्रकाचा कागद पाणी मारून अलगद सोडवला आणि शहरातल्या कचेरीत गेली. एकटीच. संपादक "येतो" म्हणाला होता. ती म्हणाली, "नको. तुम्ही बोलाल."

कचेरीत तिला पहिल्या खिडकीनं दुसरीकडे धाडलं, दुसरीनं जेवणाच्या सुट्टीकडे. सुट्टी संपल्यावर एका टेबलाशी उभं राहायला मिळालं. टेबलावरचा कारकून वयस्कर होता, दुखऱ्या दातावर हात धरून बसला होता.

"बाई, आम्ही आमच्या मनानं काही केलेलं नाही. लोकांचीच मागणी आहे. हे बघा, तुमच्याच गावच्या दोनशे सह्या."

"त्यात एक माझी आहे," ती म्हणाली.

त्यानं दातावरचा हात काढला. "मग?"

"मग काही नाही. दगडाला टाकी लावत होते, वाचलं नाही." तिनं चुरगळलेला कागद टेबलावर पसरला. "तुमचा दर मला मान्य आहे. या आकड्यात मी दळून देते. पण यात दळायचा दर आहे. तेलाचा कुठं आहे ते दाखवा."

"तेल कशाला असेल? तेल तुमचं."

"माझं कुठं लिहिलंय? शिंपिणीचं कापड कुणाचं असतं? गिऱ्हाइकाचं. ती नुसती शिवते. धान्य कुणाचं? गिऱ्हाइकाचं. मग तेलही त्यानं आणलं तर? ज्याचं तेल त्यानं आणावं, मी माझी अंगमेहनत तुमच्या दरात देते."

कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं. एकदा वाचलं. चष्मा बदलून पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलाला विचारलं, शेजारच्यानं आतल्या साहेबाला. साहेब बाहेर येऊन तिच्याकडे बघून गेले. शेवटी कारकून म्हणाला, "मनाई आहे असं कुठं दिसत नाही. पण लेखी मिळणार नाही."

"सील लेखी लावलंत ना? ते काढल्याचं लेखी द्या. बाकीचं राहू द्या."

दंड भरून ती परतली. मंगळसूत्राच्या जागी साधा दोरा होता. संपादकानं तो पाहिला आणि त्या दिवशी पेपर उघडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर प्रत्येक डब्याशेजारी एकेक बाटली दिसू लागली. औषधाची, सरबताची, कुणाची खोकल्याची चिमुकली बाटली. "एवढ्यात काय होतंय? इंजिनला वास तरी येईल का?" असं म्हणून ती परत पाठवी. बायका चिडल्या. नवऱ्यांना पंपावर धाडावं लागलं, नवरे चिडले. दोन दिवसांनी तीन बाटल्या रिकाम्याच निघाल्या, पाणी भरून आणलेली एक निघाली. मग तिनं ठरवलं, सगळ्यांचे तेलाचे पैसे एकत्र करून एकानंच पंपावर जायचं. आणि तो एक कोण, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. पहाटे सायकलला दोन मोठे डबे बांधले आणि झोपलेल्या संपादकाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"रांगेत तुमचं ऐकायला भरपूर लोक भेटतील," ती म्हणाली.

तो गेला. दुपार टळून गेल्यावर परत आला, एका डब्यात तेल, दुसरा रिकामा. सायकल भिंतीला लावून तो ओट्यावर बसला. मानेवरची कातडी उन्हानं लाल झाली होती. एका चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यानं सुतळीनं बांधला होता.

"काय म्हणत होते लोक?" तिनं विचारलं. टोमणाच होता तो.

"काही नाही," तो म्हणाला. "आठ तास कुणी काहीच बोललं नाही. पुढच्या माणसाची पाठ बघत उभे होतो सगळे. मी एकदा सुरू केलं, तर मागचा म्हणाला, गप बस बाबा, घशाला कोरड पडलीय." चपलेची सुतळी आवळत तो म्हणाला, "तू हे वर्षभर करत होतीस?"

तिनं तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला. उत्तर दिलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं, याची तिला खात्री नव्हती.

मग तो आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. पुढं गिरणीतही उभा राहू लागला. कामाला तसा तो निकामीच. पट्टा चढवताना बोट सापडलं, पिशवी धरताना निम्मं पीठ जमिनीवर. मामंजी त्याच्यामागे उभे राहून त्याच्या कोपराला ढोसत. तिला वाटे, यापेक्षा बाकावर होता ते बरं. पण हँडल तो मारायचा. वाईट मारायचा, सात-आठ खेपा लागायच्या, पण तिचा खांदा तेवढा सुटला.

अशाच एका सकाळी इंजिन चालू असताना मास्तर आले. बरोबर न्हावी आणि रांगेतली दोघं-तिघं. मास्तरांच्या हातात कोरे कागद होते. संपादक दारात गेला.

"नवा अर्ज करायचाय," मास्तर ओरडून म्हणाले, कारण इंजिनपुढं ओरडल्याशिवाय चालत नसे. "तेल गिऱ्हाइकानं आणायचं असेल, तर दळणाचा दर निम्मा झाला पाहिजे. सगळ्या गावाचं मत आहे. तुझ्यासारखं लिहिणारं कुणी नाही. आणि तू निःपक्षपाती माणूस, स्वतःच्या घराचासुद्धा मुलाहिजा ठेवला नाहीस, हे गावानं पाहिलंय!"

गिरणीवालीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. पीठ भरून वाहायला लागलं. तिनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. त्या पाठीचा तिला अजिबात भरवसा नव्हता. कुणी 'तुझ्यासारखं लिहिणारं' म्हटलं की ती पाठ ताठ होते, हे ती वीस वर्षं बघत आली होती. आताही ती ताठ झाली. हात पुढं झाला, कागद घेतले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले. त्यावर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले, तेलाचे.

"तुम्हीच लिहा, मास्तर," त्यानं कागद परत दिले. "मला आज सवड नाही. अजून नऊ डबे आहेत."

तो आत आला आणि वाहून चाललेल्या पिशवीचं तोंड आवळायला वाकला. मास्तरांनी कागद घेतले. मग ओट्यावरच मांडी घालून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होते, न्हावी माना डोलावत होता. "'आम्ही गावकरी तेलाच्या त्रासानं त्रासलेलो असून...'"

संपादकानं पिशवीची गाठ अर्धी सोडून दिली. कान टवकारले. "'सदर गिरणी... सदर गिरणीच्या सदर दरानं...'" त्याचा चेहरा कसानुसा झाला. इकडे पाय बदलला, तिकडे बदलला. शेवटी राहवेना. दाराकडे तोंड करून तो इंजिनच्या वर आवाज काढून ओरडला, "मास्तर, दोनदा सदर नको! आणि त्रासलेलो काय? त्रस्त लिहा, त्रस्त!"

गिरणीवालीनं त्याच्या दंडाला धरून त्याला फिरवलं.

"अहो, पट्ट्याकडे बघा," ती म्हणाली. "घसरतोय."